डब्यासकट लावलेली झाडं

डबा अर्धा मातीत पुरलेला होता. वर राहिलेल्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात आकडा होता: ३७. तो मीच घातलेला. रेल्वेच्या पुलांवर नंबर घालायचा ब्रश आणि रंग माझ्याकडे असतो, त्यानेच. माझ्या सातचं पोट जरा मोठं येतं, त्यावरून ऑफिसात चेष्टा होते. त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

मी बेगडेवाडीला एका शाळेच्या पटांगणात उभा होतो. सदतीस नंबरचं झाड तिथं असायला नको होतं. ते औंढ्याच्या वरच्या उतारावर, चौथ्या ओळीत, पहिल्या खड्ड्यात असायला हवं होतं. आठ दिवसांपूर्वी एका मोठ्या पाहुण्यांनी माझ्या देखत ते तिथं लावलं होतं. टाळ्या झाल्या होत्या, फोटो निघाला होता. आणि आता तेच झाड, त्याच डब्यात, दुसऱ्या पाहुण्यांची वाट बघत होतं.

माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी रेल्वेत इन्स्पेक्टर ऑफ वर्क्स आहे. आम्हाला सगळे आयओडब्ल्यू म्हणतात. रूळ दुसरे लोक बघतात. पूल, मोऱ्या, स्टेशनच्या इमारती, क्वार्टर्स हे माझ्याकडे. मोरी म्हणजे रुळाखालून ओढ्याचं पाणी जाण्यासाठी बांधलेला छोटा पूल. लोणावळ्याच्या बाजूच्या मोऱ्या जुन्या, दगडी आहेत. पक्षी कमानींवर बसतात, विष्ठा टाकतात, आणि त्यातल्या बिया दगडांच्या सांध्यांत रुजतात. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदुर्की. रोप बोटभर असतं तोवर गंमत वाटते. मूळ मनगटाएवढं झालं की दगड सरकतो. म्हणून दर पावसाळ्यात कमानींवरची झाडं उपटणे हे माझ्या कामाच्या यादीत असतं. उपटायची, भोकात डांबर ओतायचं, सांधा भरून घ्यायचा.

सुरुवातीची काही वर्षं मी ती उपटून फेकत होतो. मग औंढ्याच्या वरच्या वाडीतली ठकूमावशी माझ्या गँगवर मजुरीला आली. पन्नाशीची, हडकुळी, बोलायला फटकळ. तिने एक दिवस फेकलेली रोपं पदरात गोळा केली.

"मावशी, हे काय?"

"पाखरांनी एवढं पेरलंय. तुमी फेकताय. आमच्या डोंगराव तर एक उंबार उरला न्हाई."

ते खरं होतं. वाडीच्या खालचा सबंध उतार काही वर्षांपूर्वी कोळशाच्या ठेकेदाराने साफ केला होता. मावशीच्या नवऱ्याने त्या ठेकेदाराकडे भट्ट्या लावल्या होत्या. मावशीने स्वतः कोळशाची पोती वाहिली होती. पूर्वी तिथं हरियल, म्हणजे हिरवी कबुतरं, थव्याने येत. धनेश येत. झाडं गेली, फळं गेली, पक्षी गेले.

"आमीच तोडलं," मावशी म्हणायची. "तवा प्वाट व्हतं म्होरं. आता लावाया कोन येनार, ठेकेदार?"

तिथून आमची रविवारची मंडळी सुरू झाली. मी, शाळेतले ड्रॉइंगचे ओक मास्तर, आणि वाडीतली पाचसहा माणसं. रविवारची मजुरी कुणालाच नव्हती. तंत्र मावशीचं. पावसात सांधा भिजला की पातळ सळईने चुना खरवडायचा आणि मूळ न तोडता रोप काढायचं. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडून त्यात लावायचं. माझ्या क्वार्टरच्या मागे डब्यांच्या ओळी होत्या. प्रत्येक डब्याला नंबर, आणि वहीत नंबरासमोर जात, कुठल्या मोरीवरून काढलं ती मोरी, दर सहा महिन्यांची उंची. तीन वर्षांत चौऱ्याऐंशी रोपं कमरेच्या वर गेली.

उंचीला महत्त्व होतं. वाडीखालचा तो उतार रखमाजीआबांचा. औंढ्यातले मोठे शेतकरी, भात खालच्या खाचरांत, हा चार एकर डोंगर नुसता गवताचा. त्यांनी शब्द दिला होता, आणि अट घातली होती.

"मी गुरं बांधून ठेवनार न्हाई. गुरांच्या तोंडी लागनार न्हाईत असली झाडं लावा. आन यंदाच लावा. पोळ्यापत्तुर सगळे खड्डे भरलेले दिसले तर चारी एकर तुमच्या पाखरांना. न्हाई तर मी गवत लिलावाला काढनार. दर साली थांबनार न्हाई."

माघापासून आम्ही खड्डे खणले. खाली मुरूम, पहार झणझणायची. सात ओळी, ओळीला बारा.

आषाढात गांगल वकील माझ्याकडे आले. हे गावाची शोभा वाढवण्यासाठी काढलेल्या एका हौशी मंडळाचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, छत्री, गोड आवाज. त्यांना वृक्षारोपणाचा समारंभ करायचा होता.

"रोपं तुमची, डोंगर तुमचा, फक्त पाहुणे आमचे," ते म्हणाले. "आणि गुरांसाठी काटेरी तारेचं कुंपण मंडळ देणार."

त्याच दिवशी माझ्या साहेबांचा, म्हणजे पुण्याला बसणाऱ्या असिस्टंट इंजिनिअरचा फोन आला. पाहुणे मोठे आहेत, सहकार्य करा. मी विचार केला, झाडं लागणारच आहेत, कुणाच्या का हाताने. मी यादीच्या दोन प्रती केल्या. चौऱ्याऐंशी नंबर. गांगलांनी खाली सही केली. मी प्रत फाइलला लावली आणि निश्चिंत झालो.

उताराच्या वरच्या अंगाला गाडीवाट आहे. तिथं मांडव घातला होता. वरच्या चार ओळींपाशी पाहुणे, खालच्या तीन ओळींत मंडळाची माणसं. रखमाजीआबांना स्टेजवर खुर्ची आणि हार. भाषण चालू असताना ठकूमावशी माझ्या मागे येऊन कुजबुजली.

"सायेब, डबा कापला न्हाई."

"काय?"

"डब्यासकट घालत्यात खड्ड्यात. पत्रा कापलाच न्हाई कुनी. असं कुटं झाड लावत्यात व्हय?"

"मावशी, नंतर. पाहुणे बोलतायत."

"पाहुनं बोलत्यात, झाड मरतंय."

"नंतर म्हटलं ना!"

मग चहा झाला. गांगल म्हणाले, खड्डे आमची माणसं नीट बुजवतील, तुम्ही दमला आहात. त्याच रात्रीपासून घाटात मुसळधार सुरू झाली. दरड येते की काय म्हणून आठ दिवस मी घाटातल्या लायनीवरच होतो. डोंगरावर फिरकलो नाही. नवव्या दिवशी, शनिवारी, बेगडेवाडीच्या मोरीच्या कामाला गेलो, शेजारच्या शाळेत लाउडस्पीकर ऐकला आणि सहज डोकावलो.

मी वाकून मातीत बोट घातलं. डबा शाबूत. शेजारचा ३८. त्याच्या शेजारी ४१. गांगल मांडवातून लगबगीने आले.

"अरे वा, इन्स्पेक्टरसाहेब! तुम्ही इकडे?"

"सदतीस नंबर इथं काय करतोय?"

"कोण सदतीस?"

"हे झाड. हे आठ दिवसांपूर्वी औंढ्याला लागलं होतं."

"हळू बोला हो, पाहुणे यायचेत. अहो, आपला वृक्षारोपण सप्ताह चाललाय, पावसामुळे लांबला. गावं अनेक, रोपं थोडी. तुमच्यासारखी अशी भरलेली, उंच रोपं मिळतात कुठं? फोटोत झाड दिसायला नको?"

"म्हणजे एकच झाड गावोगाव लावता?"

"प्रतीकात्मक असतं ते."

"डबे मुद्दाम कापले नाहीत?"

"कापले असते तर उचलता कसे आले असते?" हे त्यांनी मला समजावून सांगितलं, एखाद्या मंद माणसाला सांगावं तसं. "सप्ताह संपला की परत लावणारच होतो. पावती आहे ना तुमच्याकडे सहीची? मग?"

मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी मी हात मागे बांधून घेतले.

हेडमास्तर बिचारे जवळ आले होते. त्यांना काही माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, ही झाडं चोरीची आहेत. ते म्हणाले, "मग आमच्या आवारात नकोत." त्यांनी स्वतः पहिला डबा उपसला. लाउडस्पीकरवर गाणं चालू होतं आणि आम्ही ओळीने डबे काढत होतो. गांगल छत्री आपटत म्हणाले, "मी तुमच्या साहेबांशी बोलेन." मी म्हटलं, "मीच बोलतो. तुम्ही पाहुण्यांशी काय बोलायचं ते ठरवा."

सव्वीस डबे निघाले. माझ्याबरोबर ट्रॉली होती. ट्रॉली म्हणजे रुळांवरून माणसांनी ढकलायची चार चाकांची गाडी. गाडी आली की चार माणसांनी ती उचलून बाजूला ठेवायची असते. सव्वीस ओले डबे घातले तर ती उचलता आली नसती, आणि माझ्या रागासाठी मी कुणाचा जीव धोक्यात घालणार नव्हतो. दुपारी खडी टाकून रिकामी परतणारी गाडी होती. गार्डला विचारलं. तो म्हणाला, साहेबांची परवानगी घ्या. स्टेशनवरून पुण्याला फोन लावला.

"रेल्वेच्या गाडीत झाडं?" साहेब ओरडले. "कुठल्या नियमात बसतं?"

"रिलीज्ड मटेरियल आहे, साहेब." जुन्या कामातून निघालेल्या मालाला आम्ही रिलीज्ड मटेरियल म्हणतो. तो परत डेपोत आणावाच लागतो. "सगळी रोपं रेल्वेच्या मोऱ्यांवरून निघालेली आहेत. मोरीचे नंबर वहीत आहेत. वाचून दाखवू?"

"तुम्ही माझी थट्टा करताय?"

"नाही साहेब. तुम्ही सहकार्य करा म्हणालात, मी केलं. आता माल परत आणतोय."

मग ते म्हणाले, "गाडीला एक मिनिटही उशीर होता कामा नये." उशीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही सगळे डोंगरावर गेलो. वरच्या चारही ओळी रिकाम्या. खड्डे मात्र बुजवून, वर चोपून सारखे केलेले. अठ्ठेचाळीस खड्ड्यांपैकी एकात काडी नव्हती. त्या नीटनेटकेपणाचा मला जास्त राग आला. खालच्या तीन ओळींपर्यंत, गाडीवाटेवर ट्रक लावून डबे उचलणाऱ्या माणसांचे पाय पोचले नव्हते, तेवढी झाडं जागेवर होती. पण तीही डब्यांतच. मुरमाच्या खड्ड्यात पाणी साचलेलं आणि डब्याची भोकं गाळाने बंद. पानं पिवळी पडायला लागली होती.

मी पत्रा कापायच्या कात्र्या आणल्या होत्या. ओक मास्तर कापत होते, आम्ही झाड धरत होतो. मग मावशीने तोंड उघडलं.

"त्या दिशी मी सांगिटलं तवा तुमी मला गप बसवलं."

"हो."

"पाहुन्याच्या म्होरं आमचं त्वांड वंगाळ दिसतं."

"तसं नाही, मावशी."

"तसंच हाय. धरा हे नीट. मूळ दुकतंय त्याचं."

मी धरलं.

दुपारी रखमाजीआबा वर आले. काठी टेकून सगळ्या ओळी बघितल्या. हा माणूस स्टेजवर हार घालून बसला होता, गावासमोर. चेहरा लाल झाला होता.

"माझ्या जिमिनीव तमाशा केला, आन मला म्होरं बसवला. गावात लोक काय म्हनत्यात ठावं हाय? आबानं हारासाठी डोंगर दिला म्हनत्यात."

"आबा, आमची फसवणूक झाली."

"तुमची झाली. तुमच्या वहीत समदं असतंय ना? मग हे कसं न्हाई दिसलं?" त्यांनी काठी रोखली. "पोळा. त्याच्या म्होरं एक दिस न्हाई."

सोमवारी मी रजा टाकून सुदुंबऱ्याला गेलो. तिथं सप्ताहातला आधीचा समारंभ झाला होता, असं मंडळाच्या एका माणसाने शरमून सांगितलं. चौदा डबे एका पडवीच्या कडेला उभे होते. पागोळ्यांचं पाणी थेट डब्यांत पडून माती वाहून गेलेली, मुळं उघडी. राहिलेले आठ कुठेच नव्हते. गांगलांना गाठून विचारलं. ते म्हणाले, पाहुण्यांना आठवण म्हणून दिले. वडाचं आणि पायरीचं झाड आठवण म्हणून! ते बंगल्याच्या व्हरांड्यात ठेवतील आणि वर्षात मारतील. कुंपणाच्या तारेचं विचारलं, तर मंडळाची पुढची सभा झाल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाले. ती सभा अजून व्हायची आहे.

परत आणलेली झाडं झाली चाळीस. तीन वर्षांत तळाच्या भोकांतून बाहेर आलेली मुळं उपसताना तुटली होती, तीही दोनदोनदा. आम्ही ती क्वार्टरच्या मागे सावलीत ठेवली, अर्धी पानं काढली, तुटकी मुळं छाटली. मी रोज सकाळी वही घेऊन जायचो आणि नंबरांवर काट मारायचो. सदतीसवर पाचव्या दिवशी मारली. ते नांदुर्कीचं होतं, घाटातल्या एका कमानीवरून मावशीने दोराला लटकून काढलेलं. चाळीसातली चौदा जगली.

चौदातली बारा चौथ्या ओळीत लावली. दोन मावशीने वाडीच्या पाणवठ्याशी नेली. तिने विचारलं नाही आणि मीही अडवलं नाही. वरच्या तीन ओळींसाठी मोऱ्यांवरून त्या पावसातली नवी रोपं काढली. ती वीतभरही नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आबा आले. खालून चढत एकेका झाडाला काठी लावत वर आले. पाचव्या ओळीत वाकून बघितलं.

"हे काय, हरभरा पेरलाय?"

"आबा, दोन वर्षं द्या," मी म्हटलं. "आम्ही काटक्यांचं कुंपण करतो. मी लिहून देतो."

"लिव्हलेलं नगं मला. त्या वकिलानं बी लिव्हलं व्हतं."

मावशी पुढे झाली. "आबा, या मानसांनी माघापसून पहार मारली. चोरी त्या पांढऱ्या शर्टानं केली. शिक्षा आमाला व्हय?"

"ठके, मी शिक्षा करत न्हाई. मी बोललो व्हतो तेच करतोय." त्यांनी काठीने चौथी ओळ दाखवली. "चवथ्या वळीपत्तुर तुमचं. कंदी मागनार न्हाई, माझी पोरं बी मागनार न्हाईत. वरलं गवताला."

"झाडं लावलीत तिथं," मावशी म्हणाली.

"गुरांना सांग मग."

ते अन्यायाने वागले असं मी म्हणणार नाही. त्यांनी शब्द दिला होता आणि तो जसाच्या तसा पाळला. दिलेला अर्धा भाग त्यांनी खरंच कधी मागितला नाही. वरच्या रोपांपैकी एकही दिवाळीपर्यंत राहिलं नाही.

गांगल वकिलांच्या मंडळाने त्या वर्षी सप्ताहाचा सचित्र अहवाल छापला. सगळ्या गावांचे फोटो वेगवेगळे, पाहुणे वेगवेगळे. मी भिंग घेऊन बसलो. तीन फोटोंत पुढचं झाड एकच आहे. मी मंडळाला पत्र लिहिलं, फोटोंचे पान क्रमांक आणि डब्यांचे नंबर देऊन. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र लिहिलं. उत्तर आलं: मंडळ आपल्या सूचनांचा आभारपूर्वक विचार करेल. ते पत्र माझ्या फाइलमध्ये आहे.

आज त्याला दहा वर्षं झाली. खालच्या चार ओळींत चव्वेचाळीस झाडं उभी आहेत. उंबरांना तिसऱ्या-चौथ्या वर्षीच फळ आलं, नांदुर्कीला गेल्या दोन वर्षांत. या फाल्गुनात मी तिथं हरियल मोजले, एका सकाळी एकवीस. धनेशाची एक जोडी येते, घरटं अजून नाही. धनेश ढोलीत घरटं करतो, आणि झाडांत ढोली पडायला आमचं आयुष्य पुरायचं नाही. आमची रविवारची मंडळी चालू आहे. आता डबा क्वार्टरच्या मागेच उभा चिरून सुतळीने बांधतो आणि खड्ड्याजवळ सुतळी सोडतो. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला डबा मिळत नाही. वरच्या तीन ओळींच्या जागी गवत आहे. आबांच्या मुलांकडे बंगल्यासाठी लोक विचारायला येऊ लागले आहेत.

मोरीचं काम झालं की मी फक्त सही बघून बिल कधी पास केलेलं नाही. कमानीखाली उतरतो, हातोडीने सांधा ठोकून आवाज ऐकतो, मगच पास करतो. सबंध नोकरीत हा नेम एकदाच मोडला, गांगलांच्या सहीवर. त्यात दोन एकर गेले.